बारा नळ आणि एक शनिवार: नव्या टॅपहाउसमध्ये काय मागवावं, काय परत करावं

पत्र: आमच्या बाणेरच्या सोसायटीपासून चालत दहा मिनिटांवर महिन्याभरापूर्वी क्राफ्ट बीअरचं टॅपहाउस उघडलं आहे. माझं वय 58. आजवर माझ्यासाठी बीअर म्हणजे 650 मिलीची स्ट्राँगची बाटली, तीही मित्रांबरोबर, महिन्यातून एखाददुसऱ्या वेळी. मुलगा आणि सूनबाई म्हणतात, बाबा, शनिवारी सगळे तिकडे जाऊ. फळ्यावर बारा बीअर लिहिल्या आहेत, त्यातलं एकही नाव मला कळत नाही. मागे दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो, तिथे अर्धा ग्लास फेसच आला आणि बीअर आंबट लागली. गप्प बसून पैसे दिले. ती परत करता आली असती का? एका ग्लासाला 400-450 रुपये घेतात, एवढं त्यात काय असतं? आमच्या सौ. घेत नाहीत, धाकटी मुलगी 20 वर्षांची आहे; दोघीही बरोबर येणार. मुला-सुनेसमोर फजिती व्हायला नको, म्हणून विचारतो. – एक वाचक, बाणेर

नमस्कार,

हो, ती बीअर परत करता आली असती. पहिल्या दोन-तीन घोटांतच सांगितलं, तर चांगलं टॅपहाउस ग्लास बदलून देतं आणि बदललेल्या ग्लासाचे पैसे लावत नाही. क्राफ्ट बीअर, म्हणजे छोट्या बॅचमध्ये बनवलेली बीअर, बहुधा पाश्चराइज केलेली नसते, कित्येकदा गाळलेलीही नसते. टाकीतून केगमध्ये (धातूच्या पिंपात), केगमधून नळीत, नळीतून तोटीवाटे ग्लासात असा तिचा प्रवास असतो आणि यात ती कुठेही बिघडू शकते. तुम्ही सांगितलंत तर बारवाल्याचंही भलं होतं, कारण त्याच केगमधून पुढचे पन्नास ग्लास जायचे असतात.

शनिवारसाठी एकच गोष्ट पक्की धरा. बीअर कुठल्या प्रकारची आहे हे नंतर, ती ताजी आहे का आणि स्वच्छ नळीतून आली आहे का हे आधी. बारापैकी एकही नाव ओळखीचं नसलं तरी ताजेपणा आणि स्वच्छता तुम्हाला पाच मिनिटांत पारखता येईल. या दोन गोष्टी चुकल्या तर उत्तमातली उत्तम बीअरही वाया जाते.

आता त्या आंबट ग्लासाविषयी. काही बीअर मुद्दाम आंबट केलेल्या असतात: गोझ, बर्लिनर वाइसे किंवा फळ्यावर ‘सावर’ असं लिहिलेली कुठलीही. आपल्याकडे कोकम किंवा आंबा घालून केलेल्या सावरही मिळतात. त्यांचा आंबटपणा लिंबासारखा किंवा ताज्या ताकासारखा स्वच्छ असतो, जिभेवर येतो आणि निघून जातो. फळ्यावर लागर, एल किंवा व्हीट (गव्हाची) असा आंबट नसलेला प्रकार लिहिला आहे आणि तोंडात मात्र व्हिनेगरची तिखट आंबट चव येते, तिच्या मागून लोण्याचा तेलकट वास येतो, असं असेल तर नळीत जिवाणू वाढले आहेत असं समजा. बीअरची नळी आतून कायम ओली आणि पोषक असते. दर 14 दिवसांनी तिच्यातून कॉस्टिकचं द्रावण फिरवावं लागतं, तोटी सुटी करून ब्रशने घासावी लागते आणि तीन महिन्यांतून एकदा आम्लाने धुऊन आतला बीअरस्टोनचा, म्हणजे साचलेल्या क्षारांचा, खडबडीत थर काढावा लागतो. हे टाळलं की जिवाणू त्या थरात घर करतात आणि मग कितीही ताजा केग लावा, पहिल्याच ग्लासात आंबटपणा उतरतो. म्हणून ‘लाइन शेवटची कधी धुतली?’ हा प्रश्न बारवर सरळ विचारावा. काम नीट चालू असेल तिथे लगेच तारीख सांगतात.

आंबटपणाखेरीज आणखी काही वास लक्षात ठेवा. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बीअरला हवा लागली आहे किंवा ती फार जुनी झाली आहे. सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नच्या लोण्याचा वास डायअॅसिटिल या द्रव्याचा. आंबवण पूर्ण होण्याआधी बीअर थंड करून केगमध्ये भरली तर तो मागे राहतो, घाणेरड्या नळीतही तयार होतो. उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास आला तर वर्ट (आंबवण्याआधीचा धान्याचा गोड काढा) पुरेशी जोरात उकळलेली नाही. नुसता कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बीअर अजून कोवळी आहे. बँडेजचा, दवाखान्याचा वास मात्र सर्वात वाईट. पाण्यातल्या किंवा धुण्याच्या रसायनातल्या क्लोरीनमुळे तो येतो आणि एका घोटात कळतो. यातलं काहीही आलं तर शांतपणे म्हणा: “हा ग्लास मला बरोबर वाटत नाही. याच नळाची थोडीशी काढून तुम्ही चाखून बघाल का?” बारवाल्याने स्वतः चाखावी, हे महत्त्वाचं. त्यालाही तेच जाणवलं तर तो केग बदलेल किंवा तो नळ बंद करेल. बीअर निर्दोष निघाली, फक्त तुम्हाला आवडली नाही, तर तो बहुतेक दुसरी सुचवेल. तीन चतुर्थांश ग्लास संपवून मग तक्रार केली तर मात्र तुमची बाजू पडते.

नळ बिघडलाय की केग, हेही थोडं ताडता येतं. एकाच बीअरमध्ये दोष असेल तर तो केग किंवा तेवढी एक नळी. दोन-तीन वेगवेगळ्या बीअरमध्ये तोच आंबट-लोणकट वास असेल तर नळ्या धुतलेल्याच नाहीत. मग दुसरी बीअर मागवण्यात अर्थ नाही. जेवून घ्या आणि निघा.

फेसाचं गणित वेगळं आहे. ग्लासावर बोटभर ते दोन बोटं, म्हणजे दोन ते तीन सेंटिमीटर फेस हवाच. सुगंध त्यातूनच वर येतो. जर्मन पद्धतीच्या व्हीट बीअरला तर त्याहूनही जास्त फेस असतो आणि तिचे उंच ग्लास त्याच हिशेबाने बनवलेले असतात. पण अर्धा ग्लास फेस म्हणजे माप कमी. फेस बसला की त्याची फार तर चौथाई बीअर होते. ग्लासावर 330 किंवा 500 मिलीची रेघ असेल तर बीअर त्या रेघेपर्यंत आणि फेस त्याच्या वर, असं हवं. नसेल तर भरून मागा. यात संकोच नको.

नव्या टॅपहाउसमध्ये फेसाचा त्रास पहिले दोन-तीन महिने हमखास होतो, त्यामागची कारणं कळली की राग कमी येतो. केग साधारण 3 अंश सेल्सिअसला ठेवतात आणि त्यावर कार्बन डायऑक्साइडचा 10 ते 14 पीएसआय दाब असतो. शीतगृहापासून नळापर्यंतची नळी लांब असेल आणि वाटेत तिला गार ठेवायची सोय अपुरी असेल तर नळीतली बीअर तापते आणि विरघळलेला वायू सुटतो. मग संध्याकाळचा पहिला ग्लास फेसाचाच येतो, दुसऱ्या-तिसऱ्यापासून सुधारतो. दाब जास्त ठेवला तर दोन-चार दिवसांत केगमधली बीअर गरजेपेक्षा जास्त वायू शोषून घेते. दाब कमी ठेवला तर वायू नळीतच सुटतो, आणि बरेच बारवाले याच्या उलट समजतात. फेस दिसला की दाब आणखी कमी करतात आणि फेस वाढतो. टेम्पोतून हादरे खात आलेला केग एक दिवस स्थिर न ठेवता लगेच जोडला, किंवा ग्लास धुण्याच्या मशीनमधून गरम गरमच उचलला, तरी तेच. वीज जाऊन शीतगृह तापलं तर पुढचा सगळा दिवस फेसात जातो. म्हणजे एक ग्लास फेसाळ आला तर तो बदलून घ्यावा आणि विषय सोडावा. प्रत्येक ग्लास तसाच येत असेल तर तिथे अजून घडी बसलेली नाही, महिन्याभराने परत जावं.

ग्लासाकडे तेवढंच लक्ष द्या. बीअर ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले तर काचेवर तेलाचा, साबणाचा किंवा फडक्याच्या धाग्यांचा अंश आहे. स्वच्छ ग्लासात बुडबुडे बीअरमधून वर जातात, कडेला चिकटत नाहीत, आणि तुम्ही पीत जाता तशी प्रत्येक घोटाला फेसाची एक कडी काचेवर उरते. ओतण्याआधी ग्लास गार पाण्याने विसळला जातो का, ओतताना तोटीचं टोक बीअरमध्ये बुडवतात का, हे बारजवळ दोन मिनिटं उभं राहून दिसतं. टोक बुडणं चूक आहे. एका ग्लासातली बीअर तोटीला लागून पुढच्यांच्या ग्लासात जाते. आणखी एक: फ्रीझरमधून काढलेला बर्फाळ मग कुणी कौतुकाने पुढे केला तर साधा ग्लास मागा. बर्फाच्या कणांवर फेस उसळतो, ते वितळून बीअर पातळ होते आणि इतक्या थंडीत जिभेला चव कळत नाही. लागर 4 ते 6 अंशाला चांगली लागते, व्हीट बीअर 6 ते 8 ला, स्टाउट (भाजलेल्या धान्याची काळी बीअर) 10 ते 12 ला. स्टाउट आल्यावर दहा मिनिटं टेबलावर राहू दिली की तिच्यातली कॉफी आणि भाजलेल्या धान्याची चव उघडते.

आता बारा नळांचं. जास्त नळ म्हणजे चांगली जागा, असं आपल्याला वाटतं, आणि नव्या मालकालाही तसंच वाटतं. हिशेब करून बघा. केग 30 लिटरचा धरला, सांडणं-फेस वजा केला, तर त्यातून 500 मिलीचे सुमारे 55 ग्लास निघतात. एखादी मोहल्ल्यातली जागा आडवारी 80 ग्लास, म्हणजे 40 लिटर विकत असेल, तर बारा नळांवरचे 360 लिटर संपायला सरासरी 9 दिवस लागतात. सरासरी म्हणजे लोकांच्या आवडीची व्हीट बीअर तीन दिवसांत संपते आणि कोपऱ्यातली एखादी बीअर तीन आठवडे लटकते. वायूच्या दाबाखाली थंड ठेवलेला केग काही आठवडे पिण्याजोगा राहतो हे खरं, पण हॉप्सचा, म्हणजे बीअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, सुगंध त्याच्या बराच आधी उडतो. धुकट दिसणाऱ्या हेझी आयपीएला (आयपीए म्हणजे भरपूर हॉप्स घातलेली बीअर) हा नियम सर्वात कडक लागू होतो. तिच्यातला आंब्या-संत्र्याचा वास हीच तिची किंमत असते. म्हणून बसल्या बसल्या दोन प्रश्न विचारा: “आज किंवा काल कुठला केग लावलात?” आणि “सर्वात जास्त काय जातं?” दोन्हींच्या उत्तरात एकच नाव आलं तर तीच पहिली मागवा, मग ती कुठल्याही प्रकारची असो.

आणि शनिवार बदलता आला तर बदला. मंगळवार किंवा बुधवार, संध्याकाळी साडेपाच-सहा. त्या वेळी बारमागच्या माणसाला बोलायला सवड असते, चाखायला थोडी बीअर तो आपण होऊन देतो. शनिवारी नऊ वाजता तुम्ही विचारलेला प्रश्नच त्याला ऐकू जाणार नाही. शनिवारच ठरला असेल तर सहाच्या सुमाराला पोहोचा, गर्दीच्या आत तुमची निवड होऊन जाईल. बाहेर गच्चीवर किंवा अंगणात बसायचं असेल तर ऊन उतरल्यावर. उन्हाने हॉप्समधली कडू द्रव्यं फुटून काही मिनिटांतच बीअरला उग्र, कुबट वास येतो, आणि हा दोष बीअर बनवणाऱ्याच्या हातातला नसतो.

मागवायचं कसं? घरातले तिघे घेणार आहात, तर आधी एक टेस्टर फ्लाइट मागवा आणि तिघांत वाटून घ्या. यात साधारण 100 ते 150 मिलीचे चार ते सहा छोटे ग्लास लाकडी पाटावर येतात. त्याआधी एखाद्या बीअरचे दोन घोट चाखायला मागितले तर चालतं. दोनदा मागावं, फार तर तीनदा; बाराही नळ फुकट चाखणं बरं दिसत नाही. क्रम हलक्याकडून जडाकडे ठेवा, कारण एकदा जीभ कडवट झाली की हलकी बीअर पाण्यासारखी लागते.

तुमची जीभ स्ट्राँगची, म्हणजे गोडसर, कमी कडू आणि जोरदार लागरची सवय असलेली. तुम्हाला पहिली कोल्श किंवा पिल्सनर द्यावी असं आम्हाला वाटतं. कोल्श मूळ कोलोन शहराची, 4.5 ते 5 टक्क्यांची, फिकट आणि स्वच्छ चवीची. ओळखीची वाटेल आणि तरी फरक कळेल. ती गढूळ आली तर विचारा, कारण कोल्श आरपार दिसायला हवी. दुसरी हेफेवायझेन, म्हणजे जर्मन व्हीट बीअर. हिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण यात केळं किंवा लवंग काहीही घातलेलं नसतं; यीस्ट आंबवताना ते वास स्वतः तयार करतं. ही गढूळच असते आणि तशीच असावी. बेल्जियन विट हिची चुलत बहीण, तिच्यात मात्र धने आणि संत्र्याची साल खरोखर घालतात. सूनबाईंना बीअरचा कडवटपणा नको असेल तर या दोन्हींपैकी एक त्यांना आवडण्याची शक्यता बरीच आहे. तिसरी अंबर एल, भाजलेल्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची), किंचित कॅरॅमलची चव असलेली. चौथी आयपीए, फक्त चाखण्यापुरती. ही कडू असते आणि पहिल्या भेटीत अख्खा ग्लास मागवलेले बरेच जण तो टाकून देतात. शेवटी स्टाउट. नायट्रोजन वायूच्या दाबावर सोडलेली मिळाली तर तिचा फेस सायीसारखा दाट असतो.

फळ्यावर नावापुढे दोन आकडे असतात. एक एबीव्ही, म्हणजे शंभर भागांत अल्कोहोल किती. दुसरा आयबीयू, कडवटपणाचा. हेफेवायझेनचा आयबीयू 8 ते 15, कोल्शचा 18 ते 30, आयपीएचा 40 ते 70. पहिल्या भेटीत 30 च्या आत राहिलात तर कडूपणाने तोंड वाकडं होणार नाही. रंगावरून जोर ठरवू नका. काळीकुट्ट आयरिश स्टाउट 4 ते 5 टक्क्यांची असते आणि सोनेरी, गोडसर, सहज घशाखाली उतरणारी बेल्जियन ट्रिपल 8-9 टक्क्यांची. ट्रिपल मागवलीत तर छोटा ग्लासच घ्या.

माप नीट विचारा, विशेषतः ‘पिंट’ म्हटल्यावर. वाइन शॉपमध्ये पिंट म्हणजे 330 मिलीची बाटली, टॅपहाउसमध्ये त्याच नावाखाली 330 पासून 500 मिलीपर्यंत काहीही येतं. भाव 100 मिलीमागे काढा. 330 मिलीला 350 रुपये असतील तर 100 मिलीला 106 रुपये पडतात. 500 मिलीला 450 असतील तर 90. ‘एवढं त्यात काय असतं’ याचं उत्तर असं: हॉप्स बहुतेक परदेशातून येतात, खास माल्टही बरेचदा जर्मनी-बेल्जियममधून. आयपीएमध्ये साध्या लागरच्या कितीतरी पट हॉप्स पडतात. बॅच छोटी असते, केग सतत थंड ठेवावा लागतो, फेसात आणि नळी धुताना बीअर वाया जाते, वर राज्याचं उत्पादन शुल्क. ताजी आणि नीट ओतलेली असेल तर ते पैसे वसूल होतात. तीन आठवडे लटकलेल्या केगमधली असेल तर 200 रुपयेही जास्तच. बिलात बीअरवर व्हॅट लागतो, जीएसटी नाही. जीएसटी खाण्यावर लागतो. दोन्ही वेगळे मांडलेले आहेत ना, हे बघून घ्या. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, नको असेल तर काढायला सांगता येतो. सेवा आवडली तर वेगळी टिप द्यावी, ओतणाऱ्याला द्यावी.

तुमच्या नेहमीच्या बाटलीशी तुलना करायची तर 650 मिली, 8 टक्क्यांच्या स्ट्राँगमध्ये सुमारे 41 ग्रॅम अल्कोहोल असतं. 5 टक्क्यांच्या 500 मिली ग्लासात सुमारे 20 ग्रॅम. म्हणजे तुमची एक बाटली बरोबर असे दोन ग्लास. 120 मिलीच्या पाच ग्लासांची फ्लाइट, सरासरी साडेपाच टक्के धरली तर, 26 ग्रॅम. छोटे ग्लास बघून ती हलकी वाटते, पण एकट्याने संपवली तर एका मोठ्या ग्लासापेक्षा जास्तच होते. शरीर तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोल जाळतं, त्याहून वेगाने नाही, कॉफी प्या नाहीतर आंघोळ करा. तुमच्यासाठी फ्लाइटमधला तिसरा हिस्सा आणि नंतर आवडलेल्या एका बीअरचा एक ग्लास, तीन तासांत, पाणी पीत पीत, एवढं पुरेसं आहे. रिकाम्या पोटी जाऊ नका. शुगरची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मेट्रोनिडॅझोल हे औषध चालू असेल तर त्या आठवड्यात जाऊच नका.

गाडी घरी ठेवा. कायद्यातली मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे. 70 किलोच्या पुरुषाने 5 टक्क्यांचा एकच 500 मिली ग्लास पटकन संपवला तरी ती ओलांडली जाऊ शकते. पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. तुम्ही तर चालत दहा मिनिटांवर आहात. मुलगा-सून दुसरीकडे राहत असतील तर त्यांनी रिक्षाने किंवा कॅबने यावं, ‘एकच घेतली आहे’ हा हिशेब कुणी करू नये.

धाकटीला बीअर मिळणार नाही. महाराष्ट्रात बीअरसाठी वयाची अट 21 वर्षांची आहे आणि फ्लाइटमधला एक घोटही तिच्याकडे सरकवू नका. पकडलं गेलं तर अडचण त्या जागेच्या परवान्याला येते. 21 च्या आतल्यांना आत बसू देतात का, हे आधी फोन करून विचारून ठेवा. दारातून परत फिरावं लागलं तर तिचा विरस होईल. ओळखपत्र सगळ्यांनीच जवळ ठेवावं. पिणाऱ्यांना राज्यात परवानाही लागतो; एक दिवसाचा परवाना अगदी थोड्या पैशांत मिळतो, तो जागेवर देतात का ते त्याच फोनवर विचारा.

वहिनींसाठी आणि धाकटीसाठी कोकम सोडा, जिंजर एल, ताजं लिंबू-सोडा यांतलं काहीतरी मिळेल. कोंबुचा हा आंबवलेला चहा असतो, त्यात किंचित अल्कोहोल असतं. ‘नॉन-अल्कोहोलिक’ बीअर घ्यायची तर बाटलीवर 0.0 लिहिलं आहे ना हे बघा, कारण काहींमध्ये अर्ध्या टक्क्यापर्यंत असतं. वहिनी पूर्ण टाळत असतील तर हे दोन्ही नकोत. आणि कृपा करून ‘एक घोट घेऊन तर बघ’ असा आग्रह टेबलावर कुणी कुणाला करू नये, वहिनींना तर नाहीच आणि मुलाने तुम्हालाही नाही. न पिणाऱ्या दोघी कंटाळल्या तर ती संध्याकाळ फसलीच, म्हणून खाणं नीट मागवा आणि आल्या आल्या मागवा.

खाण्यात एक चूक सगळीकडे होते. तिखट चिकन विंग्ज किंवा मिरचीची भजी आणि बरोबर आयपीए. अल्कोहोल, वायू आणि हॉप्सचा कडवटपणा, तिन्हींनी तिखट आणखी भडकतं, मग बीअरही नीट लागत नाही आणि विंग्जही. तिखटाबरोबर हेफेवायझेन किंवा विट घ्या, त्यांचा मऊपणा जीभ शांत करतो. तंदुरी, भाजलेलं, कडेने करपलेलं काही असेल तर अंबर एल, कारण भाजलेल्या माल्टची चव तिथे जुळते. तळलेले बोंबील किंवा कोळंबी मिळाली तर आंबट गोझ, लिंबू पिळल्यासारखं काम करते. स्टाउट चॉकलेटच्या गोडाबरोबर, जेवण संपताना. खारे शेंगदाणे आणि साधं पाणी मात्र पहिल्यापासून टेबलावर असू द्या. दोन बीअरच्या मध्ये तोंड स्वच्छ करायला याहून चांगलं काही नाही. मसाला पापड नको, त्यावरचा कांदा आणि लिंबू पुढच्या दोन बीअरची चव खाऊन टाकतात.

एखादी बीअर फारच आवडली आणि ते ग्राउलर, म्हणजे एक लिटरची झाकणाची बाटली भरून देत असतील, तर भरताना समोर उभे राहा. आधी बाटलीत कार्बन डायऑक्साइड सोडून हवा बाहेर काढतात आणि तोटीला लांब नळी लावून तळापासून भरतात. वरून धबधब्यासारखी ओतली तर वायू उडतो, हवा मिसळते आणि दुसऱ्या दिवशीच पुठ्ठ्याचा वास लागतो. घरी आल्या आल्या फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको, दारातल्या कप्प्यातही नको. तिथे दर वेळी दार उघडताना ती तापते. न उघडलेली दोन-तीन दिवस टिकते. उघडली की त्याच दिवशी संपवायची, त्यामुळे एकट्यासाठी एक लिटर नेऊ नका. रविवारी मुलगा-सून जेवायला येणार असतील तरच न्या.